गुरुजींची डागांची परीक्षा

आमच्या गल्लीत शेषराव गुरुजी दिसले की पोरं आधी शाळेच्या पुस्तकाला वरणाचं बोट लावतात.

पुस्तकं सरकारची, फुकट मिळालेली. ती पोरं वाचतात की नाही, हे पाहायला रिटायर झालेले गुरुजी रोज संध्याकाळी घरोघर फिरतात. नेमलेलं कोणी नाही. धडा विचारत नाहीत, डाग पाहतात. "पुस्तक कोरं तर डोकं कोरं!" बसा म्हटलं तर बसत नाहीत. बार्शीटाकळीच्या स्टँडवर गाडी सुटत असल्यासारखे दारातच चुळबुळ करतात.

एका पोराने पानाला हळद फासली. गुरुजींनी वास घेतला. "हळद पयल्याच पानाले? बाकीच्या पानाईचं लगन नाई का?"

माझी नात नंदिनी चौथीत. जोडाक्षर आलं की तिची गाडी अडायची. परीक्षेत मार्कही तसेच. तिचं पुस्तक मी फडक्यात बांधून पेटीत ठेवलं होतं. गुरुजींनी मागितलं तेव्हा काढून दाखवलं.

"हे काय लुगडं हाय, पेटीत ठेवाले?"

"सरकारचं हाय. फाटलं तर?"

"फाटू द्या! पोरगी मागं राह्यली तर चालते, अन् कागद फाटला तर चालत नाई?"

"माझ्या घरात आवाज चढवू नका, गुरुजी."

"मंग तुमच्या घरातलं पुस्तक बाहेर काढा."

चूक माझीच होती. पुस्तक बाहेर राहिलं. गुरुजी सगळ्यात शेवटी आमच्याकडे यायला लागले. नंदिनी वाचताना अडली की उभ्याउभ्या ओरडायचे, "पुढं! पुढं!" दिवाळीपर्यंत पुस्तकावर दोनदा चहा सांडला, मागचं पान निघालं. एके दिवशी तिने अख्खा धडा न थांबता वाचला, पुस्तक टाकलं आणि खेळायला पळाली.

गुरुजी दारातच राहिले. आता तपासायला काही उरलं नव्हतं. त्यांच्या घरी बोलायला माणूस नाही. बायको गेली, पोरगा पुण्यात. जायला तयार नाहीत, बसायलाही नाहीत. इकडे बघ, तिकडे बघ.

"तुमी कितवी शिकल्या, बाई?"

"चौथी."

"आता काई वाचता का?"

"भिंतीवरचं कॅलेंडर."

"आणा बरं."

मी ते खिळ्यावरून काढलं. सगळे सण मला तोंडपाठ आहेत. तरी 'संकष्टी'वर अडखळले. दोनदा.

"लय कच्चं हाय तुमचं," गुरुजी म्हणाले. "उद्या येतो."