पवित्र आठवड्यातला नळ

चर्चच्या मागच्या खोलीतला नळ बिघडला नव्हता. थोरल्यानं तो बिघडवला होता, तोही ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात, आणि चर्चची देखभाल त्याच्याच गळ्यात असताना.

कारण साधं होतं. त्याचा धाकटा भाऊ प्लंबर होता आणि दोघांत अबोला होता. आईच्या अंत्यविधीत थोरल्यानं गहिवरून वरचा सूर लावला, तेव्हा धाकटा चारचौघांत म्हणाला, "दादा, तू गाऊ नकोस. आईला शांतपणे जाऊ दे." मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. झालं. तेव्हापासून रविवारच्या प्रार्थनेसाठी थोरला पहिल्या मिस्साला यायचा आणि धाकटा दुसऱ्या मिस्साला. पण पहिली मिस्सा संपली तरी थोरला झाडू घेऊन फाटकाजवळ रेंगाळायचा. पाचोळा नसला तरी झाडायचा. आत जाणाऱ्या धाकट्याची पाठ तेवढी दिसायची. ती पाठ हल्ली वाकायला लागली होती आणि ते बघून थोरल्याचा जीव तुटायचा.

रविवारी फादर थोरल्याला म्हणाले, "उपवासकाळात तुम्ही गोड सोडलंत, चहा सोडलात. अबोला कधी सोडणार?"

घरी बायको म्हणाली, "फोन करा भावोजींना."

"काय बोलू?"

"कसा आहेस, विचारा."

"आणि तो म्हणाला बरा आहे, तर पुढं काय?"

तिच्याकडे एवढाच उपाय होता. थोरल्याकडे मात्र पाना होता. नळ गळला की फादर प्लंबर बोलावणार, प्लंबर म्हणजे धाकटा, असा त्याचा सरळ हिशेब होता. त्यानं नळ थोडा ढिला केला आणि तोंड पाडून फादरांना वर्दी दिली.

पण फादरांनी त्या उपवासकाळात अंगमेहनतीचा नेम धरला होता. त्यांनी बाह्या सरसावल्या, नळाला चिंधी गुंडाळली, वर दोरा आवळला आणि गळती चक्क थांबली. फादर खूश. थोरला खचला.

फादरांची पाठ वळताच त्यानं पुन्हा पाना लावला. ह्या वेळी जरा जोरात. नळाचा वरचा भाग उडून कपाटावर आपटला, पाणी छताला लागलं आणि ईस्टरसाठी इस्त्री करून टांगलेले पांढरे झगे क्षणात चिंब झाले. पाणी बंद करायचा बाहेरचा मुख्य कॉक गंजून बसलेला, तो काही फिरेना. थोरला धावत आत आला आणि भोकावर अंगठा दाबून उभा राहिला.

आवाज ऐकून धावत आलेले फादर निथळत म्हणाले, "कुणाला तरी बोलवा."

"माझ्या ओळखीचं कुणी नाही."

"अहो, तुमचा सख्खा भाऊ प्लंबर आहे."

"मग तुम्हीच करा फोन. माझं नाव घेऊ नका."

फादरांनी फोन लावला. पलीकडून धाकट्यानं विचारलं, "तो आहे का तिथं?"

त्या आठवड्यात तरी फादरांना खोटं बोलवेना. "आहे. अंगठा लावून उभा आहे."

पलीकडे हत्यारांची पिशवी खळखळली. मग आवाज आला, "लावून ठेवायला सांगा. निघालोच."

धाकटा आला, मुख्य कॉक दणके देऊन बंद केला आणि खोलीत येऊन फादरांकडे बघत म्हणाला, "फादर, त्याला सांगा, आता अंगठा काढ."

"फादर, त्याला विचारा, नक्की का?"

"फादर, त्याला सांगा, मी वीस वर्षं हेच करतोय."

फादर बिचारे दोघांच्या मधे मान हलवत उभे. धाकट्यानं नळ हातात घेतला, निरखला. "फादर, हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी पाना लावलाय. तोही उलट्या बाजूनं."

थोरल्याचे कान तापले. धाकट्यानं पुढं काही विचारलं नाही. मान खाली घालून काम केलं, पाणी ईस्टरच्या सकाळीच सोडा असं फादरांना बजावलं आणि निघून गेला. आपण समोर असून तो आपल्याशी एक अक्षर बोलला नाही, ह्याचं थोरल्याला दोन दिवस रडू येत होतं.

ईस्टरच्या सकाळी पहिली मिस्सा संपली आणि फादर कुरकुरत आले. "पाणी सोडलं आणि नळ पुन्हा गळतोय. तुमच्या भावाचं काम कधी कच्चं नसतं म्हणतात."

थोरल्यानं नळ उघडून बघितला. सगळं नवं, चकचकीत, घट्ट बसवलेलं. फक्त आतला रबरी वायसर बसवलेलाच नव्हता. त्या रिकाम्या जागेवरून त्यानं बोट फिरवलं. मग त्यानं स्वतः फोन लावला.

"नळ गळतोय," तो म्हणाला.

"माहीत आहे, दादा," धाकटा म्हणाला. "वायसर माझ्या खिशात आहे. सकाळपासून फोनची वाट बघतोय. वहिनीला सांग, जेवायला येतो."