चांगल्या गुडघ्यावरची पट्टी

आमच्या कंधारात मयतीला गेलेल्या माणसाला परत निघताना चप्पल जागेवर दिसली नाही, तर तो चोराला शिव्या देत नाही. तो गंगाधरमामांना शोधतो. आत बायका रडत असतात आणि मामा बाहेर ओट्याखाली उकिडवे बसून लोकांच्या चपलांचे सात-सातचे दोन कबड्डी संघ मांडत असतात. एकदा तहसीलच्या साहेबांचा बूट त्यांनी उजव्या कोपऱ्यात उभा केला होता. साहेबांनी मागितला तर म्हणाले, "दोन मिनिटं थांबा साहेब, एवढी चढाई होऊ द्या."

मामांची पिठाची गिरणी आमच्या घराला लागून आहे. संध्याकाळी पाचला ते पट्टा उतरवतात, लोकांचे डबे रांगेत तसेच सोडतात आणि केसांतल्या पिठासकट शाळेमागच्या मैदानावर पोरांना कबड्डी शिकवायला जातात. बोलणं कशाचंही निघो, "ते जाऊ द्या, कोपरा बगा," हे ठरलेलं. माझ्या मेहुणीला बघायला पाहुणे आले होते. ते गेल्यावर मामा म्हणाले, "पोरगा बरा हाय, पन आईसमोर तोंड उघडत न्हाई. कोपरा कच्चा हाय." आम्ही खूप हसलो. लग्नानंतर हसणं बंद झालं.

अशा माणसाला चौदा वर्षांत देवणीच्या स्पर्धेचा कप मिळाला नव्हता. यंदा मिळणार होता, कारण बालाजी. बसस्टँडवर केळीचा गाडा लावणारा हा पोरगा चढाईला गेला की समोरच्यांना कळायच्या आत शेवटच्या कोपऱ्यातल्या गड्याला शिवून परत आलेला असायचा. स्पर्धेला बारा दिवस राहिले आणि सरावात त्याचा उजवा गुडघा फिरला. डॉक्टर म्हणाले, बेतानं खेळला तर चालेल, पण पळाला आणि पुन्हा फिरला तर जन्माचं लंगडणं.

पोरं म्हणाली, बालाजीला बसवा. बालाजी जमिनीकडे बघत राहिला.

"कामून बसवायचं?" मामा म्हणाले. "पळनारा बालाजी गेला. आता पळवनारा बालाजी खेळंल."

मग त्यांनी सगळा डावच बदलला. चढाईत जी ओलांडावीच लागते ती निदान रेषा बालाजीनं जेमतेम ओलांडायची आणि तिथंच डुलत उभं राहायचं. लंगडा गडी बघून समोरच्यांना हाव सुटणार, ते पुढे येणार, की बालाजीचा लांब हात त्यांच्या खांद्यावर. आणि मामांनी पट्टी बांधली ती डाव्या, चांगल्या गुडघ्यावर. तीही अशी जाडजूड, की मी विचारलं, मामा, हे काय?

"सर, पकडनारा दुखऱ्या पायावरच झेप घेतो. घेऊ द्या."

देवणीला हे सगळं जसंच्या तसं घडलं. तीन संघ त्या पट्टीवर झेपावले आणि तिन्ही घरी गेले. मी सायन्स शिकवतो. एवढा सरळ विचार मला कधी सुचला नसता. मनातल्या मनात मी मामांना हात जोडले.

अंतिम सामन्यात धर्माबादचा कर्णधार मात्र हुशार निघाला. त्यानं ओळखलं आणि आपल्या गड्यांना पार मागे नेऊन उभं केलं. कोणी पुढे येईना. शेवटची चढाई उरली, आपण एका गुणानं मागे; जिंकायला दोघांना शिवायला हवं. आता आत पळत जाण्यावाचून इलाज नव्हता. बालाजीनं मांडीवर थाप मारली. "मामा, जातो."

मामांनी वेळ मागून घेतला, बालाजीला बाहेर काढलं आणि सिद्धार्थला पाठवलं. सिद्धार्थ हाडाचा पकडीवाला. तिसऱ्याच पावलावर सापडला.

परतीच्या टेम्पोत मामांशी कोणी बोललं नाही. बालाजी तर सगळ्यात जास्त चिडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळण घेऊन गेलो. गिरणी बंद होती. मामा आत पोत्यावर बसले होते.

"बालाजी गेला असता तर जिंकलो असतो?" मी विचारलंच.

"हाव. जिंकलो असतो." मामांनी माझा डबा जवळ ओढला. "त्याच्या वयाचा असताना माजाबी पाय मोडला होता, सर. कप आनून दिला त्याच सामन्यात. लई मिरवनूक निघाली म्हनं. मी दोन वर्सं खाटंवर होतो. भाईर सायकल वाजली की उठून बसायचो, वाटायचं आपली टीम आली."

मी विचारलं, "कोणी आलं का?"

मामांनी डब्याचं झाकण उघडलं, ज्वारी मुठीत घेऊन पाहिली.

"पोस्टमन यायचा," ते म्हणाले. "शेजारच्याची पत्रं घिऊन. लई चांगला मानूस. घडीभर थांबून बोलायचा."