आधी जोड बघा

नळाची तोटी असो, गॅसचा पाइप असो की कुणाच्या मुलीचं स्थळ, शेजारच्या नानांचा सल्ला एकच: "आधी जोड बघा." पुण्यात एका कंपनीचे मोठे संगणक सांभाळून ते निवृत्त झाले आणि भोरला येऊन राहिले. बोली मात्र त्यांच्या गावची, कामथडीचीच.

मी जमिनीचे नकाशे काढतो. मध्यंतरी माझ्या संगणकाची हार्ड डिस्क टकटक करू लागली. वेल्ह्यातले किती तरी बांध तिच्यात. ती बंद पडायच्या आत सगळं दुसरीवर उतरवायला हवं होतं. नवी डिस्क कुठल्या प्रकारची घ्यावी, ते नानांना विचारलं.

"साटा म्हंजी एसटी. स्वस्त, समद्या गावाला जाती. स्कझी म्हंजी मालगाडी. डब्याला डबा, आन् शेवटाला टोपण न्हाई बसवलं तर समदी अडती. सास तिचीच लेक. दोन दारं, रातंदिस पळती, दमत न्हाई."

"मग सासच चांगली?"

"चांगली व्हय. पर कुणाला?"

तेवढ्यात नानांच्या बोलण्यात आयडीई या जुन्या प्रकाराची चपटी पट्टी निघाली, तिच्यामागून आणखी एका नव्या प्रकाराचा महामार्ग निघाला. माझं डोकं गरगरलं. घरी येऊन मी वेग, आयुष्य आणि भरवसा यांची तुलना मांडली. तिन्हींत सास पुढे. पुण्याला जाऊन सास घेऊन आलो.

माझ्या संगणकातली केबल तिला बसेना.

नानांनी कपाळावर हात मारला. "अवो रावसाहेब, सासच्या दारात साटा मावती. साटाच्या दारात सास न्हाई! तुमच्या संगनकाला दार साटाचं. जोड बघितला का?"

नव्हता बघितला. जुनी डिस्क एव्हाना खरखरायला लागली होती. मी पुन्हा पुण्याला जाऊन येईपर्यंत ती टिकेल असं वाटेना.

नाना आत गेले. त्यांच्या खोलीत एक जुना सर्व्हर आहे. त्यात दोन साटा डिस्क, दोन्हींवर एकच माहिती लिहिलेली. एक गेली तर दुसरी असावी म्हणून. त्यांनी चालू सर्व्हरमधून एक ओढून काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"पळा आता."

नकाशे वाचले. दुसऱ्या दिवशी आभार मानायला गेलो, तर सर्व्हर एकसारखा पीं पीं करत होता.

"एक डिस्क कमी हाय म्हून बोंबलतोय," नाना चहा गाळत म्हणाले.

"नवी आणून देतो. तोवर आवाज बंद करता येत नाही?"

"येतो की. बटन हाय." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "असू द्या. तुमच्या वैनीच्या माघारी या घरात माज्यावर कुणी वरडलंच न्हाई."