हातसफाईचा विग्रह

ठकीने पाटी रंगवायला घेतली तेव्हा घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तसं निकाल लागल्यापासून, म्हणजे गेले तीन महिने, कुणी बोलत नव्हतंच. छत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेल्या मास्तरांची सख्खी नात भाषेतच नापास झाली होती. गणितात काठावर पास, शास्त्रात काठावर पास, आणि भाषेत सपशेल आडवी. शेजारचे लोक जिन्यात भेटले की आवाज खाली घेत आणि "काय मास्तर, बरंय ना आता?" असं विचारत. दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसाला विचारतात तसं.

सतरा वर्षांची ठकी मात्र एक दिवस बादली घेऊन खाली पार्किंगमध्ये गेली आणि दातांच्या डॉक्टरांची गाडी धुऊन आली. नुसती धुतली नाही. जुन्या टूथब्रशने एसीच्या जाळीतली धूळ काढली, सीटच्या फटीतून बिस्किटांचा चुरा, दोन रबरबँड आणि डॉक्टरांचा हरवलेला चष्मा काढला. वर पॉलिश लावून गाडी अशी घासली की डॉक्टर आपल्याच गाडीसमोरून दोनदा पुढे गेले. मग इमारतीतल्या सात गाड्या तिच्याकडे आल्या. आणि परवा ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई स्वतः जिना चढून वर आल्या.

"माझ्या अकरा गाड्या आहेत," बाई म्हणाल्या. "दर आठवड्याला करायच्या. पण मला तीन कागद लागतात. धंद्याचा परवाना, विमा आणि कराची नोंदणी. शुक्रवारी दाखव, किल्ल्या घेऊन जा."

त्या गेल्यावर ठकीच्या बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "शुक्रवार म्हणजे शुक्रवार हं. कागद झाले नाहीत तर शनिवारी आत्याकडे जायचं. औषधाच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवायला माणसं हवीच आहेत तिला. राहायची सोयही आहे."

ह्या घरात मास्तरांना "आजोबा, झोप लागली का?" असं विचारणारी ठकी एकटीच होती. बाकीचे त्यांना विचारत नसत, सांगत. दिवा बंद करा. आवाज कमी करा. दार लावून घ्या. ठकी आत्याकडे गेली की आपल्याशी बोलणारं घरात फक्त टीव्ही उरेल, आणि त्याचाही आवाज कमी करावा लागेल, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

अठरा पूर्ण नसल्यामुळे अर्जावर मालक म्हणून वडीलधाऱ्या माणसाची सही लागत होती. बाबा म्हणाले, "नापास पोरीच्या बादलीवर मी सही करणार नाही." तेव्हा मास्तरांनी सही केली आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते एका धंद्याचे मालक झाले.

आता नाव. ठकीने पाटीवर 'चकाचक कार डिटेलिंग' असं खडूने आखून ठेवलं होतं.

"डिटेलिंग?" मास्तरांनी चष्मा काढला. "हा काय शब्द आहे?"

"गाडी बारकाईने साफ करण्याला सगळे तेच म्हणतात, आजोबा."

"सगळे 'आनी-पानी' म्हणतात, म्हणून आपण म्हणायचं? सांग बरं, तू मशीनने धुतेस का गाड्या?"

"नाही. हाताने."

"हाताने सफाई, ती हातसफाई! तृतीया तत्पुरुष समास. बघ, एका शब्दात सगळा धंदा आला."

ठकी जरा थांबली. "पण आजोबा, हातसफाई म्हणजे ते… बसमध्ये पाकिटं मारतात, ते ना?"

"तो शब्दाचा दोष नाही, ठके. चुकीच्या माणसांच्या हाती लागला बिचारा. आपण त्याला परत चांगल्या घरी आणू."

ठकी भाषेत नापास झालेली असल्यामुळे गप्प बसली.

सोमवारी दोघं परवाना कार्यालयात गेली. खिडकी क्रमांक चारवरच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "धंद्याचं नाव?"

"हातसफाई," मास्तर ठासून म्हणाले.

"अच्छा, हातांची सफाई. चांगलंय. लोकांना सवयच राहिली नाही. पाणी स्वतःचं का?"

"बादलीने नेतो."

"साबण?"

"उत्तम प्रतीचा. फेस भरपूर होतो."

कारकुनाने खटाखट टाइप केलं आणि परवाना छापून हातात दिला. मास्तरांनी तो दारातच उभं राहून वाचला. ऱ्हस्व-दीर्घ सगळे जागच्या जागी होते. सरकारी कागदावर असं शुद्धलेखन बघून त्यांना भरून आलं, आणि त्या भरात मजकूर वाचायचा राहून गेला. मजकूर असा होता: 'सार्वजनिक स्वच्छता विभाग. हात धुण्याची सोय पुरवणे. दर पन्नास माणसांमागे एक नळ व एक टॉवेल बंधनकारक.'

मंगळवारी विम्याचा एजंट घरी आला. टाय लावलेला, घाईतला तरुण. त्याने लॅपटॉपवर 'हातसफाई' हा शब्द टाकला. धंद्यांच्या यादीत तो एकाच ठिकाणी सापडला, तेव्हा त्याचा चेहरा खुलला.

"वा, काका! ह्या वयात? काही प्रश्न विचारतो. जनावरं असतात का?"

"कसली जनावरं?"

"ससे, कबुतरं असं काही?"

"नाही बुवा. एका गाडीतून एकदा मांजर निघालं होतं."

"मांजर," एजंटने लिहून घेतलं. "आणि मग?"

"मग काय, बघता बघता नाहीसं झालं."

"क्या बात है! प्रेक्षक साधारण किती?"

"सकाळी वॉचमन असतो. कधी दूधवाला थांबतो."

"हळूहळू वाढतील, काका. धारदार वस्तू वगैरे वापरता?"

"कात्री लागते. सीटचं कव्हर कधी कधी मधोमध कापावं लागतं."

"पण जोडून देता ना पुन्हा?"

"म्हणजे काय! शिवून देतो. कापलं होतं हे कळतसुद्धा नाही."

एजंटने उठून मास्तरांशी हात मिळवला. संध्याकाळपर्यंत विम्याचा कागद आला. मास्तरांनी तो न वाचताच परवान्यासोबत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि फोल्डर उशाशी ठेवून झोपले. निकालानंतर पहिल्यांदाच त्यांना सलग झोप लागली.

बुधवारी कर कार्यालयात जेवणाची सुट्टी लांबली. काम गुरुवारवर गेलं. गुरुवारी दुपारी एका काचेच्या खोलीत निवृत्तीला आलेल्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि उठून दार लावून घेतलं.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "तीस वर्षं ह्या खुर्चीत बसलोय. उत्पन्नाच्या रकान्यात खरं लिहिणारा पहिलाच माणूस बघतोय."

"खोटं कशाला लिहायचं?"

"कशाला लिहायचं! कायद्याला काय, उत्पन्न कुठूनही आलं तरी कर लागतोच. बरं, एकटेच करता की टोळी आहे?"

"मी आणि ही ठकी."

साहेबांनी ठकीकडे पाहिलं. नाव लिहून घेतलं. "गाड्यांमध्येच करता फक्त?"

"फक्त गाड्यांमध्ये. आतलं सगळं बाहेर काढतो."

"आणि मालक कुठे असतात त्या वेळी?"

"कामाला गेलेले. किल्ल्या तेच देतात. संध्याकाळी येऊन आभार मानतात."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "आणि निघालेल्या मालाची विल्हेवाट?"

"कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत. रात्री गाडी येऊन घेऊन जाते."

"कचराकुंडीत," साहेब कौतुकाने म्हणाले. "म्हणजे घरात कुणाला काही सापडायला नको." मग त्यांनी फोल्डर उघडला. परवाना वाचला, विम्याचा कागद वाचला. "वरवर दाखवायला दोन धंदेही ठेवलेत. दिवसा लोकांचे हात धुता, संध्याकाळी जादूचे प्रयोग. मास्तर, तुम्ही शिकवायचात तरी काय?"

ठकीने कागद ओढून घेतले. एकावर हात धुण्याची सोय, दुसऱ्यावर 'प्रयोगादरम्यान प्रेक्षकांस इजा झाल्यास अथवा मांजर परत न आल्यास भरपाई.' तिने ते वाचून मास्तरांपुढे ठेवले.

"हाताची सफाई… षष्ठी तत्पुरुष," ते पुटपुटले. "त्या कारकुनाने विग्रहच चुकीचा केला." आणि मग त्यांनी साहेबांना सगळी हकीकत सांगितली. बादलीपासून टूथब्रशपर्यंत. साहेबांचा चेहरा पडला. तीस वर्षांतला एकमेव प्रामाणिक चोर त्यांच्या हातातून गेला होता.

"नाव बदलायला पंचेचाळीस दिवस लागतात," ते खिन्नपणे म्हणाले. "पण एक खुलासा अर्ज असतो. 'व्यवसाय म्हणजे नेमके काय', एवढंच एका ओळीत लिहायचं. परवान्याच्या खिडकीवर त्यावर शिक्का मिळाला की मीही मानेन, विमावालेही मानतील. माणशी दोनच अर्ज मिळतात. आणि खिडकी पाचला बंद होते."

परवाना कार्यालयात पोचायला साडेतीन वाजले. मास्तर बाकावर बसले आणि त्यांनी पेन उघडलं. आयुष्यात त्यांनी हजारो मुलांना एका ओळीत उत्तर लिहायला लावलं होतं. स्वतः कधी लिहिलं नव्हतं. तासाभराने त्यांनी अर्ज खिडकीत सरकवला.

कारकुनाने मोठ्याने वाचलं, "'स्वयंचलित वाहनांच्या अंतर्बाह्य शुचितेसाठी हस्तकौशल्याधिष्ठित सेवा'… हस्तकौशल्य? ते नऊ नंबरला. शिवणकाम, विणकाम, टोपल्या."

"अहो, हस्तकौशल्य म्हणजे इथे—"

"आणि शुचिता कोण? तिची सही कुठाय?"

त्याने अर्जावर 'नामंजूर' मारलं. मास्तर परत बाकावर येऊन बसले. भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस मिनिटं होती. दुसरा अर्ज त्यांच्या मांडीवर होता आणि पेन उघडं होतं, पण हात पुढे जाईना. हाही लिहायचा, हाही चुकायचा, आणि शनिवारी ठकी लेबलं चिकटवायला जायची. त्यांना छत्तीस वर्षांतली सगळी मुलं आठवली, परीक्षेच्या शेवटच्या दहा मिनिटांत पेन चावत बसलेली. त्यांना आपण काय म्हणायचो? 'अरे, येत नसेल तर गप्प बस.'

ते गप्प बसले.

ठकीने त्यांच्या मांडीवरचा अर्ज उचलला. पेन हातातून काढून घेतलं. भिंतीला कागद टेकवून तिने उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं आणि खिडकीकडे गेली. मास्तर घाईने मागे धावले. "ठके, थांब, मला एकदा बघू दे! काना-मात्रा—"

पण कागद आत गेला होता. कारकून वाचत होता: "'लोकांच्या गाड्या आतून-बाहेरून धुऊन पुसून त्यांना परत देणे.'"

तो थांबला. पुन्हा एकदा शेवटचे दोन शब्द वाचले. "परत देणे. अहो, मग हे सोमवारी सांगायला काय झालं होतं? सगळं त्या दोन शब्दांत तर आहे!" आणि त्याने शिक्का मारला. खिडकीच्या काचा हलल्या.

शुक्रवारी सकाळी दोघांनी कर कार्यालयातून नोंदणी घेतली आणि दुपारी ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी टेबलावर कागद पसरले. हात धुण्याचा परवाना बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मांजराच्या ओळीवर दोन आठ्या पडल्या. कर कार्यालयाच्या कागदावर साहेबांनी 'टोळी: २' हे खोडून 'कर्मचारी: १' केलं होतं, तिथे त्यांनी मास्तरांकडे रोखून पाहिलं. मास्तर भिंतीवरच्या वाहतुकीच्या चिन्हांकडे बघत राहिले. तिथे 'प्रवेश बंद' होतं.

शेवटी बाईंनी खुलासा अर्ज वाचला. एकदाच वाचला. खण उघडून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि ठकीसमोर ठेवला.

"हे कळलं मला. बाकी पंचेचाळीस दिवसांत नीट करून आण." मग त्या जरा मऊ झाल्या. "इतकं सरळ लिहायला कुणी शिकवलं गं तुला?"

मास्तर खुर्चीत सावरून बसले. बारा वर्षं, रोज संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर, पाटी-पेन्सिलीपासून. त्यांनी 'छे छे, माझं कसलं' असं म्हणायची तयारी करून मान थोडी खालीही घातली.

"कुणीच नाही," ठकी म्हणाली आणि किल्ल्या मोजायला लागली.

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. विचारलं ते तिने सांगितलं होतं. मास्तरांनी तोंड उघडलं. हे वाक्य कुठेतरी दुरुस्त करता येईल का, ते त्यांनी शोधून पाहिलं. कर्ता कळत होता, अर्थ कळत होता. त्यांनी तोंड मिटलं.

"अकरा बरोबर आहेत," ठकी उठत म्हणाली. "आजोबा, पांढरीपासून सुरू करू. तुम्हाला बादली जड होईल का? अर्धीच भरा."

मालक उठले आणि नळ शोधायला गेले.