चार बोटं वाढ

मुलांची उंची मोजायला टेप लागतो असं मानणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. बिचारी कष्टाळू असतात. मी नजरेचा माणूस. पंचवीस वर्षं सिनेमाचे कपडे शिवून घेतोय. समोरचा दारातून आत आला की त्याची छाती, कंबर आणि स्वभाव, तिन्ही मापं मला कळतात.

म्हणूनच त्या जाडजूड कादंबरीवर सिनेमा निघाला तेव्हा कपड्यांचं खातं माझ्याकडे आलं. गोष्ट छोट्या जादूगारांची. अकराव्या वर्षी जादूच्या शाळेत गेलेली मुलगी सोळाव्या वर्षी बाहेर पडते. तेवढ्यात दोन राक्षस मरतात आणि तीन मुख्याध्यापक बदलतात. चित्रीकरण वर्षभर, मुलं चाळीस, आणि नायिका माझी सख्खी भाची. वशिला अजिबात नव्हता. निवडीच्या दिवशी मी तिला फक्त पहिल्या रांगेत बसवलं होतं.

चाळीस पोरं वर्षभर वाढणार, झगे कितीदा शिवायचे? मी आईची युक्ती काढली. आईने मला जन्मात मापाची चड्डी घेतली नाही. सगळं वाढत्या अंगाचं. तशा प्रत्येक झग्याला मी आतून चार दुमडी घातल्या. पोर वाढलं की एक सोडायची. दिग्दर्शक खूश!

मोजणीची युक्ती मात्र माझी स्वतःची. वर्गाच्या दाराला लाकडी चौकट होती आणि तिच्यावर खालपासून वरपर्यंत चौदा कासवं कोरलेली. पोराला चौकटीला पाठ लावून उभं करायचं, डोकं कितव्या कासवाला लागतं ते लिहायचं. चाळीस पोरं दहा मिनिटांत उरकली. भाची नऊ कासवं. जाता जाता मीही उभा राहिलो. सव्वाअकरा.

मग दोन महिने चित्रीकरण थांबलं. परत आलो, रांग लावली, आणि बघतो तर काय, भाची साडेनऊ! पोरं अर्ध्या अर्ध्या कासवाने वाढलेली. अर्धं कासव म्हणजे चांगली चार बोटं. भाची म्हणाली, "मामा, मी नाही वाढले. माझे बूट तेच आहेत."

पाय मागाहून वाढतात, असं मी तिला समजावलं. वयाने मोठं असण्याचा हा एक फायदा असतो.

गंमत म्हणजे मीही पावणेबारा भरलो. बावन्नाव्या वर्षी! दोन महिने सकाळी हात वर करून व्यायाम करत होतो, त्याचा गुण. घरी ही बातमी सांगितली. बायकोने माझ्याकडे वरून खाली एकदा पाहिलं आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. मी मात्र त्याच आठवड्यात तीन नव्या विजारी शिवायला टाकल्या. लांबीला चार बोटं जास्त.

'वाढ : चार बोटं' असा तक्ता करून मी ऐटीत दिग्दर्शकांकडे दिला. त्यांचा चेहरा पडला. शाळेचा पहिला दिवस अजून चित्रित व्हायचा होता. गर्दीतली पोरं मागे उभी करता येतील, नायिकेला कुठे लपवणार? मी म्हटलं, एकदा बघून तरी घ्या. पण ते तिला रोजच बघत होते. कागदावर वाढ लिहिलेली असली की मूल आपोआप उंच दिसायला लागतं. लहानपणासाठी दुसरी मुलगी घ्यायची, भाचीचं झालेलं काम काढून टाकायचं, असं ठरलं. तसं पत्र सोमवारी निघणार होतं.

भाची माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, बोलली. "दादा, तू तिचा मामा आहेस की माप?"

सोमवारी सकाळी झगा घालून पाहायचा होता. तक्त्याप्रमाणे मी दुमड सोडली होती. भाची झग्यात शिरली आणि झगा तिच्याभोवती जमिनीवर पसरला. एक पाऊल टाकलं, पायात घोळ अडकला आणि माझी भाची थेट जादूच्या टोप्यांच्या ढिगात गेली.

चार बोटं वाढलेल्या मुलीला चार बोटं वाढवलेला झगा लांब कसा होतो?

सुतार तिथेच बाक ठोकत होता. त्याला विचारलं. तोंडातला खिळा काढून तो म्हणाला, "चौकट बदलली ना. दिग्दर्शक साहेबांना पुढच्या वर्गात पोरं मोठी दिसायला हवी होती. पोरं वाढवण्यापेक्षा शाळा लहान करणं सोपं. तीच चौदा कासवं, जरा बारकी कोरली. तुम्हाला कागद दिला होता की."

कागद दिला होता. आमच्या खात्यात मोठा कोरा कागद दिसला की आधी त्यावर कॉलरचा आकार काढतात, मग तो कापतात. सुताराची सूचना मी चाळीस कॉलरींत वापरली होती, तीही मागची बाजू न वाचता.

पत्रावर सही व्हायची होती. मी टेप शोधला. तो शिंप्याच्या गळ्यात होता. भाचीला भिंतीशी उभं करून मोजलं. निवडीच्या दिवशीचा आकडा तिच्या अर्जावर होताच. वाढ, अर्धं बोट. टेप, अर्ज आणि भाची, तिघांना घेऊन मी दिग्दर्शकांकडे गेलो आणि चौकटीपासून कॉलरीपर्यंत सगळं सांगितलं. कासवांचं ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग पत्र फाडलं, आणि फाडण्याआधी मागची बाजू वाचली.

"तुम्ही मोजताना स्वतः कधी उभे राहिला नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

मी छे म्हटलं. भाची माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसली. पण तोंड उघडलं नाही. गुणी मुलगी.

संध्याकाळी घरी आलो तर शिंप्याकडून विजारी आल्या होत्या. एक चढवून आरशासमोर उभा राहिलो. विजारीचे दोन्ही पाय टाचांखाली गोळा झालेले.

"आता खालून कापून घेतो," मी म्हटलं.

बायको म्हणाली, "राहू द्या हो. वाढत्या अंगाच्या आहेत."