आशा अधिकाऱ्याचा अहवाल

आमच्या बेसबॉल लीगमधली विषमता गेल्या वर्षी रीतसर संपली. किनाऱ्यावरचा बडा क्लब चेंडू टाकणाऱ्या एकट्या पिचरला जेवढा पगार देतो, तेवढ्यात आमच्या ओहायोतल्या मिलर्सफोर्ड हेरन्स या क्लबचा अख्खा संघ, प्रशिक्षक आणि गवत कापणारा एवढे सगळे भागतात. यावर तज्ज्ञ समिती दोन वर्षं बसली आणि पगार सारखे करणं व्यवहार्य नाही, आशा मात्र सारखी करता येईल, असा निष्कर्ष घेऊन उठली. हंगामाच्या पहिल्या दिवशी शहरातल्या नव्वद टक्के कायम प्रेक्षकांना आशा असेल, तर त्या शहरापुरता समतोल साधला असं मानून क्लबला अनुदान मिळतं. आशा क्षणभर टिकली तरी ग्राह्य धरतात. मात्र लेखी लागते.

या सह्या गोळा करायला माझी आशा अधिकारी म्हणून नेमणूक झाली. त्याआधी मी याच स्टेडियममध्ये हॉटडॉग विकायचो. दोन्ही कामांत माल गरम आहे तोवर खपवावा लागतो.

पहिल्याच वर्षी एक सही कमी पडली. ती मिसेस कोस्टेलनिक यांची. अडतीस वर्षं तिसऱ्या बेसमागच्या बाकावर बसून त्या वहीत पेन्सिलीने प्रत्येक चेंडू टिपतात. त्यांच्या जर्सीवर पाठीला चिकटपट्ट्यांचे थर होते. दर वसंतात आवडत्या खेळाडूचं नाव लिहायचं, तो विकला गेला की त्यावर दुसरी पट्टी. त्या वर्षी मात्र सगळ्या पट्ट्या सोलून त्यांनी शॉर्टस्टॉपचं, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमध्ये चेंडू अडवणाऱ्याचं, नाव दोऱ्याने शिवलं होतं : क्विंटेरो.

"सही करून टाका ना, मिसेस कोस्टेलनिक," मी म्हटलं.

"कशावर? आम्ही जिंकणार यावर? डेल्बर्ट, तू हॉटडॉगवर मोहरीची चटणीसुद्धा खरी घालत होतास रे."

"जिंकायचं बंधन नाही. नुसतं वाटायला हवं."

"पोरगा राहणार का ते सांग. अडतीस वर्षांत इतके चांगले हात मी पाहिले नाहीत. आता पुन्हा पट्टी नाही लावायची मला."

मी मालकांकडे गेलो. मिस्टर हेवरस्टॉक म्हणाले, "अनुदान आलं तर ठेवू की त्याला. लिहून दे बाईंना." मी लिहून दिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

ही बातमी गावभर पसरली. ज्यांनी आशा नाही असं कळवलं होतं, त्यांनीही येऊन फॉर्म बदलून घेतले. आमची आशा सत्त्याण्णव टक्क्यांवर गेली, अनुदान आलं, आणि इथेच घोटाळा झाला. पंचाण्णवच्या वर आशा गेल्यास समतोल दुसऱ्या बाजूला ढळतो, असं नियमावलीच्या परिशिष्टात होतं. जादा आशेचं कारण शोधून दूर करावं, असा लेखी आदेश जुलैत आला. कारण शोधायला वेळ लागला नाही. क्विंटेरो किनाऱ्यावरच्या क्लबला विकला गेला. अनुदानातून आशेची टक्केवारी दाखवणारा भव्य फलक उभा राहिला. तो उन्हातही स्पष्ट दिसतो.

ऑक्टोबरात क्विंटेरोने त्या नव्या क्लबला अजिंक्यपद मिळवून दिलं. अख्ख्या मिलर्सफोर्डने तो सामना टीव्हीवर पाहिला. त्या प्रेक्षकसंख्येमुळे किनाऱ्यावरच्या क्लबचं प्रक्षेपणाचं उत्पन्न वाढलं, असं पुढे कळलं.

या वसंतात मी फॉर्म घेऊन पुन्हा तिसऱ्या बेसमागे गेलो. मिसेस कोस्टेलनिक यांनी टाके उसवले होते, पण सुईची भोकं राहिली होती आणि त्यांत नाव वाचता येत होतं. मला वाईट वाटलं. फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही.

"नवा शॉर्टस्टॉप बरा आहे," मी म्हटलं.

"बघितला. हात चांगले आहेत." त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. "मी येणार, बसणार, लिहिणार. सही नाही करायची. जा, तिकडे कोणाला तरी विचार."

म्हणजे यंदाही एक सही कमी आहे. आता हा अहवाल वाचणाऱ्या तुमच्याकडेच आलो आहे. कायम प्रेक्षक नसलात तरी चालेल, त्याची सोय मी करतो. वाचताना जुलैचा आदेश येईपर्यंत, क्षणभर का होईना, क्विंटेरो राहील असं तुम्हाला वाटलं होतं. नियमाप्रमाणे तेवढं पुरतं. हे पेन घ्या. सही इथे, फुलीच्या पुढे.