कोमलचं ओगराळं

पाहुणा घरात आला की आधी पाणी मागतो. कोमल आली की आधी पाणी तपासते. माझ्या पुतण्याच्या लग्नाला आमची अख्खी गल्ली जीप करून दर्यापूरला गेली होती. नवरदेव अजून पारावरच, आणि ही बया आचाऱ्याच्या ड्रममध्ये टॉर्च मारून ओरडते, "काका, इकडं या! सतरा!" सतरा म्हणजे डासांच्या अळ्या. आचारी झारा घेऊन अंगावर आला, तर त्यालाच म्हणते, "पयले झाकन लावा, मंग मारा मले."

कोमल बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जठारपेठेत आमच्या गल्लीत खोली करून राहते आणि मी जिथं प्रयोगशाळेत परिचर आहे त्याच कॉलेजात शिकते. आमच्याकडे नळ येतो तो पाच-सहा दिवसांनी, तेव्हा घरोघरी ड्रम, टाक्या, माठ, बादल्या, जे असेल ते भरून ठेवायचं. त्यात अळ्या कुठं होतात, किती होतात, हा तिचा प्रकल्प. हत्यारं तीन: वरणाचं ओगराळं, आइस्क्रीमचा पांढरा डबा आणि टॉर्च. ओगराळ्यानं पाणी काढायचं, डब्यात ओतायचं, मोजायचं, वहीत लिहायचं. महिन्यातून एकदा प्रत्येक घर. हा नियमही तिनंच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला.

तोंडात कायम एकच: "मोजलं का?" समोरच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे नाही बाई डास." हिचं लगेच, "मोजलं का?" फवारणीवाला माणूस न बघताच दारावर खडूनं 'तपासले' लिहून गेला, तर हिनं त्याखाली 'नाही तपासले' लिहून सही ठोकली. पुढच्या खेपेला तो तणतणत आला. कोमलनं त्याच्या हातात ओगराळं दिलं. "घ्या, तपासा. मी खोडतो." आमच्याकडे पोरीही करतो, जातो म्हणतात; पुण्याच्या लोकांनी दचकू नये.

माझ्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला हाकललंच होतं. मागच्या अंगणात चार ड्रम. बायको होती तेव्हा चारही लागायचे. ती जाऊन दोन वर्षं झाली, पोरगा पुण्याला, पण नळ आला की मी आपला चारही भरतो. कोमलनं शेवटच्या ड्रममध्ये ओगराळं बुडवलं आणि म्हणाली, "काका, एकट्या मानसाले चार ड्रम कायले लागते?"

असा राग आला! "तुले काय करायचं व? माह्या ड्रमची पंचाईत करून राहिली!"

तिनं शांतपणे वहीत लिहिलं, "चौथा ड्रम, बावीस." पुढच्या रविवारी पुन्हा हजर. त्याच्या पुढच्याही. मी पाचव्या रविवारी मुकाट्यानं तीन ड्रम पालथे घातले. त्यानंतर माझ्याकडे शून्यच निघालं, तरी ही बाई रविवार चुकवेना.

खरा तमाशा झाला कॉलेजात. गल्ली आटोपल्यावर हिनं कॉलेजच्या गच्चीवरच्या टाकीची किल्ली माझ्याकडे मागितली. मी दिली. गल्लीतल्या कुठल्याच घरात निघाल्या नव्हत्या इतक्या अळ्या त्या टाकीत निघाल्या.

विभागप्रमुखांनी प्रकल्प वाचला आणि घाम पुसला. "टाकीचं पान काढ. कॉलेजची अब्रू आहे."

"नाई काढनार, सर."

"टाकी दर महिन्याला साफ होते. नोंद आहे."

"तुमी मोजलं का?"

मी दारात उभा होतो. ती नोंद माझी होती. गुडघ्यांमुळे मी वर्षभर गच्ची चढलोच नव्हतो, खाली बसूनच 'साफ केली' लिहीत होतो.

सरांची सही नाही तर प्रकल्प जमा नाही, आणि प्रकल्प नाही तर पोरीचं वर्ष गेलं. तीन दिवस ती त्यांच्या दारात फाइल घेऊन उभी. चौथ्या दिवशी सरांनी तिची वहीच मागून घेतली आणि चूक शोधली. सापडली! "हे काय? नियम महिन्यातून एकदाचा. मग ही पाच घरं दर रविवारी का मोजली? सगळा अभ्यास नासवलास."

अख्ख्या गल्लीशी भांडणारी पोरगी पहिल्यांदा खाली बघायला लागली. मी तिथंच कपाट लावत होतो, पुढं होऊन वहीत डोकावलो. निवृत्त देशमुख बाई. कोपऱ्यावरचे तायडे भाऊ. अजून दोन घरं. आणि मी. पाचही घरांत माणूस एकेकच.

"बोल ना. काऊन?" मीच विचारलं.

"बाकी घरी मानसं हायेत, काका," ती पुटपुटली. "इथं आठवडाभर कोनी झाकनच उघडत नाई. ना ड्रमचं, ना दाराचं." मग मान वर करून म्हणाली, "चूक माही हाये, सर. ते पाच घरं काढून टाका, मी चूक बी लिहून देतो. पन टाकी नाई काढनार."

तीस वर्षांत सरांसमोर तोंड उघडलं नव्हतं, ते उघडलं. "सर, टाकी मी साफ केली नव्हती. नोंद खोटी आहे, माझी आहे. तिचा आकडा खरा आहे. मेमो द्यायचा तर मला द्या."

सरांनी पेन काढलं. मग सही केली. मेमोही दिला, सोडला नाही. त्याच आठवड्यात दोन माणसं लावून टाकी धुतली. मी खालून बादल्या मोजल्या.

प्रकल्प जमा झाला. त्यातून माझं घर वगळलेलं. म्हटलं, चला, आता रविवार मोकळा. सकाळी उगाचच दाढी केली, अंगण झाडलं, आणि दाराकडे बघत बसलो. नऊला कडी वाजली.

"काका, झाकन उघडा."

"अव, आमी तर अभ्यासातून कटलो ना?"

"मंग?" म्हणत ती सरळ मागे गेली. उरलेल्या एकुलत्या ड्रममध्ये ओगराळं बुडवलं, पाणी डब्यात ओतलं आणि टॉर्च लावून बघत बसली. पाणी स्वच्छ, तळ दिसत होता. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला कळतं, शून्य मोजायला एवढा वेळ लागत नाही. मी दोन कपांचा चहा टाकला, आणि तो उकळेपर्यंत ती मोजत होती.